प्रिंट काढल्यावर कडेचा माणूस का कापला जातो? समजून घ्या फोटोच्या साइजचं गणित

लग्नातला ग्रुप फोटो मोबाइलवर छान दिसतो. पण ४ बाय ६ ची प्रिंट हातात येते, तेव्हा मागच्या रांगेतल्या काकांचं डोकं अर्धं गायब असतं. याचं कारण म्हणजे फोटोचा आणि कागदाचा आकार जुळत नाही.

नेमकं काय होतं?

बहुतेक मोबाइल ४:३ प्रमाणात फोटो काढतात. ४ बाय ६ इंचांचा कागद मात्र ३:२ प्रमाणाचा. हे प्रमाण ३५ मिमी फिल्मच्या ३६ बाय २४ मिमी फ्रेमचं, डीएसएलआरमध्येही सहसा तेच असतं. मोबाइलचा आडवा फोटो ६ इंच रुंद केला की उंची साडेचार इंच होते. कागद ४ इंचांचाच, म्हणून अर्धा इंच कापला जातो.

कोणत्या साइजला किती कापलं जातं?

- ६ बाय ८, ९ बाय १२, १२ बाय १६: मोबाइलचा ४:३ फोटो पूर्ण बसतो.
- ५ बाय ७: मोबाइलच्या फोटोतला पाव इंच जातो.
- ८ बाय १०: डीएसएलआरच्या फोटोतले तब्बल २ इंच जातात. त्यासाठी ८ बाय १२ घ्या.
- स्टोरीसाठी काढलेला ९:१६ फोटो: ४ बाय ६ वर लांबीतला इंचभराहून जास्त भाग जातो.

क्रॉप केल्यावर पिक्सेलही जातात

उत्तम प्रिंटसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे ८ बाय १० साठी २४०० बाय ३००० पिक्सेल हवेत.

घरातलं माणूस गेलं की अनेकदा ग्रुप फोटोतला चेहरा कापून भिंतीवरच्या फ्रेमसाठी मोठा केला जातो. तो तुकडा ८०० बाय १००० पिक्सेलचा असेल, तर ८ बाय १० वर दर इंचाला १०० पिक्सेलच उरतात आणि चेहरा धूसर दिसतो. अशा वेळी ४ बाय ५ ची प्रिंट काढून मोठ्या फ्रेममध्ये भोवती माउंट लावून बसवा.

काय लक्षात ठेवाल?

- फोटो काढताना चारही बाजूंना थोडी जागा सोडा.
- क्रॉप स्वतः करा. मनगट, कोपर, गुडघ्यावर फोटो कापू नका.
- काहीच कापायचं नसेल, तर ‘पांढरी बॉर्डर ठेवून पूर्ण फोटो द्या’ असं स्टुडिओत सांगा.
- व्हॉट्सॲपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे पिक्सेल कमी होत नाहीत.
- आजी-आजोबांचा एकट्याचा, जवळून काढलेला एक फोटो आजच काढून ठेवा.