जुन्या मोटारसायकलीचे मागचे शॉकअप : पंचवीस वर्षांचा इतिहास आणि एक निवड

फेब्रुवारी १९४८. इंग्लंडमधील ‘कोलमोर कप ट्रायल’ या स्पर्धेत रॉयल एन्फील्ड कंपनीने ३५० सीसी ‘बुलेट’चे प्राथमिक नमुने उतरवले. ट्रायल ही वेगाची शर्यत नव्हे. चिखल, ओढे, निसरडे दगड आणि उभे चढ यांवरून पाय न टेकवता गाडी पार नेण्याची ती परीक्षा असते. अशा परीक्षेसाठी मागचे चाक चौकटीला घट्ट जखडलेलेच हवे, असे त्या काळच्या अनेक अनुभवी स्वारांचे मत होते. स्प्रिंगवर झुलणारे चाक जमिनीवरची पकड गमावील, अशी त्यांना शंका होती. बुलेटच्या मागे मात्र एक झुलती भुजा होती. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तिलाच ‘चिमटा’ म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना तेलाने भरलेले दोन आघातशोषक, म्हणजेच शॉकअप, उभे होते.

त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसीय स्पर्धेत ब्रिटनचा संघ विजयी झाला आणि त्या संघातील दोन स्वार बुलेटवर होते. १९५२ मध्ये जॉनी ब्रिटन याने स्कॉटलंडची सहा दिवसीय ट्रायलही बुलेटवरच जिंकली. जखडलेल्या चाकाची बाजू हळूहळू मागे पडली.

शंका घेणाऱ्यांची चूक कोठे झाली, हे समजून घेणे आजही उपयोगाचे आहे. चाकाला पकड मिळते ती जमिनीवर पडणाऱ्या दाबामुळे. जखडलेले चाक दगडावर आदळले की सबंध गाडी उसळते, आणि चाक हवेत असते तेवढा वेळ पकड शून्य असते. स्प्रिंग असेल तर केवळ चाक वर जाते आणि लगेच खाली ढकलले जाते. परंतु नुसती स्प्रिंग पुरत नाही, कारण ती घेतलेली ऊर्जा परत करते आणि गाडी डोलत राहते. ती ऊर्जा कोणीतरी नाहीशी करावी लागते. त्यापूर्वीच्या घर्षण-तबकड्यांचा विरोध वेगावर फारसा अवलंबून नसे. त्यामुळे लहान खड्ड्यांवर त्या अडून बसत आणि मोठ्या धक्क्याला अपुऱ्या पडत. बारीक छिद्रांतून ढकलल्या जाणाऱ्या तेलाचा विरोध मात्र वेगाबरोबर वाढतो. चाकाची गतिज ऊर्जा तेलाच्या उष्णतेत रूपांतरित होते. म्हणजे ‘आघातशोषक’ हे नाव काहीसे फसवे आहे: धक्का झेलते ती स्प्रिंग, तेलाचे काम त्या धक्क्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकण्याचे.

ही रचना भारतात आली आणि येथेच स्थिरावली. १९५५ मध्ये मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात बुलेट तयार होऊ लागली. इंग्लंडमधील रेडिच येथील मूळ कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, पण मद्रासमध्ये उत्पादन चालूच राहिले. जगात अन्यत्र संग्रहालयात गेलेली मांडणी भारतात सैन्याच्या, पोलिसांच्या आणि दूधवाल्यांच्या उपयोगात राहिली.

युरोपातील मोटोक्रॉसच्या मैदानांवर मात्र १९७० नंतर चित्र वेगाने पालटले. त्या दशकाच्या आरंभी मागच्या चाकाची खालीवर होण्याची मर्यादा सुमारे १०० मिलिमीटर होती; दशक संपता संपता ती ३०० मिलिमीटरच्या घरात गेली. हा बदल दोन वाटांनी झाला. पहिली वाट शॉकअप चिमट्यावर पुढे सरकवून तिरके करण्याची होती. १९७४ च्या सुमारास जर्मनीच्या मायको कंपनीने ती धरली. दुसरी वाट बेल्जियममधील अभियांत्रिकीचे प्राध्यापक ल्यूसियाँ टिल्केन्स यांची. त्यांनी दोन शॉकअपच्या जागी पेट्रोलच्या टाकीखाली एकच लांब शॉकअप आडवा बसवला. यामाहाने ही कल्पना विकत घेतली. १९७३ मध्ये स्वीडनचा हाकान अँडरसन याने या रचनेच्या गाडीवर २५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले, आणि १९७५ पासून ती विक्रीच्या गाड्यांत आली.

शॉकअप पुढे सरकवणे वरवर सोपे दिसते. प्रत्यक्षात तेथे तरफेचा नियम आडवा येतो, आणि तोही वर्गाच्या रूपात. चाक १.२ मिलिमीटर हलले असता शॉकअप १ मिलिमीटर दबत असेल, तर तरफेचे गुणोत्तर १.२ होय. शॉकअप पुढे सरकवून ते २ केले, तर त्याच धक्क्याला स्प्रिंग कमी दबते आणि तिचे बळही चाकापर्यंत कमी पोचते. परिणाम दोनदा लागू होतो. म्हणून चाकाला पूर्वीइतकाच कडकपणा जाणवायचा असेल, तर स्प्रिंग २ भागिले १.२ याच्या वर्गाइतकी, म्हणजे जवळजवळ २.८ पट कडक घ्यावी लागते. तेलाचा विरोधही त्याच पटीत वाढवावा लागतो. शिवाय तिरक्या शॉकअपमध्ये तेलात हवा मिसळून फेस होण्याचा धोका वाढतो, आणि फेस झालेले तेल विरोध करीत नाही. फ्रान्सच्या क्रिस्तियाँ बूर्सिए द कार्बों यांनी १९५० च्या दशकात पुढे आणलेला, दाबाखालील वायू आणि तेल यांना वेगळे ठेवणारा शॉकअप येथे कामास आला. टिल्केन्स यांची रचनाही त्याच तत्त्वावर, नायट्रोजनच्या दाबावर, चालत होती.

या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे दिसते. शॉकअप एकटा कधीच सुधारला नाही. प्रत्येक टप्प्यावर चौकट, चिमटा, स्प्रिंग आणि तेल एकत्र बदलले. जुन्या गाडीला नवे शॉकअप निवडताना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो. दुसऱ्या, अधिक आधुनिक गाडीचे लांब शॉकअप बसवले की गाडी ‘उंच आणि दणकट’ होते, असा समज रूढ आहे. गणित वेगळे सांगते. वरचे टोक चौकटीला जखडलेले असल्यामुळे २० मिलिमीटर अधिक लांब शॉकअप १.२ गुणोत्तराच्या चिमट्यावर गाडीची शेपटी सुमारे २४ मिलिमीटर उचलतो. दोन चाकांत १४०० मिलिमीटर अंतर असेल, तर सारी गाडी जवळजवळ एक अंशाने पुढे झुकते. हँडलचा कोन तेवढाच उभा होतो, पुढच्या चाकाला सरळ ठेवणारे अंतर काही मिलिमीटरने घटते, आणि खडीच्या उतारावर गाडी अस्वस्थ होते. चिमट्याचा कोन बदलल्याने चेनचा ताणही बदलतो.

म्हणून निवडीचा आरंभ दुकानात नव्हे, गाडीपाशी व्हायला हवा. मूळ शॉकअपच्या दोन बुशांच्या मध्यांमधील अंतर, त्याची दबण्याची मर्यादा, बुशांचा व्यास आणि तरफेचे गुणोत्तर ही चार मापे आधी घ्यावी लागतात. नव्या शॉकअपची स्प्रिंग काढून तो बसवावा आणि चाक तळापासून टोकापर्यंत हाताने फिरवून पाहावे: टायर मडगार्डला लागतो का, चेन चिमट्याला घासते का, आणि ती कोणत्या स्थितीत सर्वांत ताठ होते. त्यानंतर स्प्रिंग. स्वार बसल्यावर एकूण मर्यादेच्या साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे १०० मिलिमीटरपैकी सुमारे ३०, दबणे योग्य. याहून बरेच अधिक दबत असेल, तर तळाची कडी पिळून भागत नाही. कडी पिळल्याने शेपटी वर येते. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. आणि स्प्रिंग २० टक्के कडक घेतली, तर तेलाचा विरोधही सुमारे १० टक्क्यांनी वाढवावा लागतो, कारण तो कडकपणाच्या वर्गमुळाशी निगडित असतो. थकलेल्या तेलावर नवी कडक स्प्रिंग चढवली, तर गाडी पूर्वीपेक्षा अधिक उसळते.

एक प्रश्न भौतिकशास्त्राच्या पलीकडचा आहे. जुनी गाडी हा एक दस्तऐवज असतो. १९५० च्या आसपास अभियंत्यांना काय ठाऊक होते आणि काय नव्हते, ते तिच्या मापांतून वाचता येते. चौकटीला नवे डाग देऊन शॉकअपची जागा बदलली, की ते पान कायमचे पुसले जाते. याउलट मूळ लांबीचा, आतून सुधारलेल्या झडपांचा शॉकअप चार नटांनी बसतो आणि चार नटांनीच निघतो. मूळ जोडी खोलता येण्याजोगी असेल, तर सील आणि तेल बदलून तीच पुन्हा कामास लावणे उत्तम. नसेल, तर तेल पुसून, चिठ्ठी बांधून ती जपून ठेवावी. पुढच्या मालकाला तिची मापे लागतील.

शेवटची चाचणी कोणत्याही उपकरणावाचून होते. गाडीची शेपटी दोन्ही हातांनी खाली दाबून सोडावी. ती वर येऊन जवळजवळ लगेच थांबली, तर स्प्रिंग आणि तेल यांचे जमले आहे. दोनतीनदा डोलली, तर तेल कमी पडते आहे; आळसावल्यासारखी सावकाश वर आली, तर तेलाचा विरोध गरजेपेक्षा अधिक आहे.

#विज्ञान #भौतिकशास्त्र #तंत्रज्ञानाचा_इतिहास