रोख आणि उधार

आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीला पुण्याहून धारूरला निघालो होतो. आदल्या दिवशी डी-मार्टात गेलो होतो, तेव्हा सहज म्हणून गावच्या घरासाठीही सामान घेतलं. तेलाचे पाच लिटरचे दोन कॅन, साखर, रवा, मैदा, साबण, टूथपेस्ट... गाडीची डिकी भरली. घरी पोचलो, एकेक पिशवी ओट्यावर ठेवायला लागलो आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या घरात मी हे सामान उतरवत होतो त्याच घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं. आमचंच!

नाना (म्हणजे माझे वडील) काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतली पावती काढली, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "अरे, या भावात तर मला परळीचा होलसेलवाला पण देत नाही." आवाजात राग नव्हता. एखादं गणित सुटत नसलं की माणूस बोलतो, तसं बोलले. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

ते गणित तेव्हापासून माझ्याही मागे लागलं. जमेल तसं वाचत गेलो, नानांना विचारत गेलो. घरातल्या मंडळींना आमच्या दुकानाचा इतिहास माहीत आहे आणि बाकीच्यांना डी-मार्ट. दोन्ही शेजारी ठेवून बघितल्याशिवाय मला तरी काही उलगडलं नसतं.

सुरुवात १९४८ पासून करू. त्या वर्षी सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजामाचं राज्य संपलं आणि बीड जिल्हा भारतात आला. त्यानंतर दोनेक महिन्यांत आप्पांनी, म्हणजे आजोबांनी, दुकान टाकलं. ज्वारी, डाळी, गूळ, मीठ, रॉकेल, काडेपेटी. आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या खतावणीत आकडे हाली रुपयांत आहेत, मधूनच कुठे 'कलदार' असं लिहिलेलं. निजामाचं हाली नाणं १९५९ पर्यंत चालायचं. मापं पायली आणि शेराची. दशमान मापं आली तेव्हा निम्मं गाव म्हणे आप्पांकडे भांडायला आलं होतं, की किलोच्या नावाखाली तुम्ही आम्हाला फसवताय!

आता त्याच १९४८ सालात, पण मुंबईत. नायगावच्या गिरणी कामगारांनी एकत्र येऊन ग्राहकांची सहकारी संस्था काढली. महागाई, रेशन आणि काळा बाजार यांचा तो काळ. कामगाराला चोख माल, नेमकं माप आणि रास्त भाव मिळावा एवढाच हेतू. हीच संस्था पुढे 'अपना बाजार' म्हणून महाराष्ट्रभर माहीत झाली. सुपरमार्केट म्हटलं की आपल्याला शेठ लोकांचा धंदा आठवतो, पण मुंबईत तो रुजवण्यात समाजवादी कार्यकर्त्यांचा आणि गिरणी कामगारांचा मोठा वाटा आहे, हे मलाही उशिरा कळलं.

आणि गंमत पुढेच आहे. १९९९ साली शेअर बाजारातल्या एका बड्या गुंतवणूकदाराने नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची फ्रँचायजी घेतली. त्यांचं नाव राधाकिशन दमाणी. राकेश झुनझुनवाला ज्यांना गुरू मानायचे, तेच हे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, मुलाखत वगैरे जवळजवळ नाहीच. बाजारात नाव आणि पैसा कमावलेला हा माणूस किराणा दुकान चालवायला का गेला असेल? फ्रँचायजीतून त्यांचं समाधान झालं नाही. मग शेअर बाजारातून बाजूला होऊन त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स, आणि २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. सोबत धाकटे भाऊ गोपीकिशन. घरचा पैसा, घरचा धंदा. २००४ साली हिंदुस्तान लिव्हरमधून नेव्हिल नोरोन्हा आले आणि पुढची दोन दशकं रोजचा कारभार त्यांच्या हातात राहिला.

वाढ किती सावकाश बघा. २००२ ला सुरुवात आणि २०१० साली दुकानं जेमतेम २५. महाराष्ट्र, गुजरात आणि आसपास. त्याच काळात बाकीचे काय करत होते? चेन्नईची सुभिक्षा देशभर दीडेक हजार दुकानांपर्यंत पोचली आणि २००९ मध्ये बंदच पडली. २००१ साली सुरू झालेल्या बिग बझारची गर्दी आपण सगळ्यांनीच पाहिलीय, २००६ पासूनच्या २६ जानेवारीच्या सेलला तर रांगा लागायच्या. तेही कर्जाच्या आणि थकलेल्या भाड्याच्या ओझ्याखाली २०२२ मध्ये संपलं.

दमाणींची रीत उलटी होती. शक्यतो दुकानाची जागा विकतच घ्यायची, म्हणजे भाड्याची कटकट नाही. मॉलमध्ये जायचं नाही, जिथे मध्यमवर्गीय लोक राहतात तिथे जायचं. झगमगाट नाही, साधे लोखंडी रॅक. मोजकाच माल ठेवायचा, पण रोज लागणारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माल देणाऱ्या कंपनीला आठ-दहा दिवसांत पैसे चुकते करायचे. बाकीचे महिना-महिना लावतात. लवकर पैसे देणाऱ्याला कंपनी भाव कमी लावते. तो फायदा गिऱ्हाइकाला द्यायचा, मग गिऱ्हाईक जास्त येतं, माल साधारण महिनाभरात फिरतो, आणि पुन्हा पैसे मोकळे. मार्च २०१७ मध्ये शेअर २९९ रुपयांना विकला आणि बाजारात तो पहिल्याच दिवशी ६०४ ला उघडला, तेव्हा पेपरात केवढा गवगवा झाला होता! पण त्या १८७० कोटींतले हजाराहून जास्त कोटी कर्ज फेडायला ठेवले होते, ही बातमी नानांना जास्त आवडली. तेव्हा दुकानं होती १३१. मार्च २०२५ अखेर ४१५.

नानांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात निकाल लावला. "म्हणजे तो माणूस रोखीनं घेतो अन् रोखीनं विकतो. आपण उधार घ्यायचो अन् उधार विकायचो."

यात सगळं आलं.

आमच्या दुकानाची उधारी हा काही दयाधर्म नव्हता. ते आमच्या भागाचं पंचांग होतं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार हा सगळा ऊसतोड कामगारांचा पट्टा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, वर्षाची बाकी फेडायची, रस्त्यात लागणारं सामान बांधून घ्यायचं आणि नवरा-बायकोचा 'कोयता' पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघायचा. उन्हाळ्यात परत. मग पाऊस पडेपर्यंत, पेरणी होईपर्यंत, आणि पुढे पुन्हा दिवाळीपर्यंत घर चालायचं ते वहीवर. वर्षातून एकदाच पैसा बघणाऱ्या माणसाला रोज रोख मागितली तर तो खाणार काय?

आप्पा ही उधारी अंबाजोगाई नि परळीच्या व्यापाऱ्यांच्या उधारीवर द्यायचे. ते व्यापारी लातूरच्या मोंढ्यातून उधार आणायचे. अशी ती साखळी. १९७२ च्या दुष्काळात ती तुटायला आली. लोक खडी फोडायला जात होते, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळत होती आणि आमच्या खतावणीत पानामागून पान नुसत्या 'नावे'च्या रकमा. जमेची बाजू कोरी. आज्जीच्या पाटल्या त्या वर्षी गेल्या त्या गेल्याच. आत्याला अजून त्या पाटल्यांचा घाट आठवतो.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर छान हळवा लेख झाला असता. पण ते खरं झालं नसतं. या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती मला आईने दाखवली.

आई पहिल्यांदा पुण्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा बायकोबरोबर डी-मार्टात गेली. तीन तासांनी परतली! काय घेतलं म्हणाल तर एक चहाची गाळणी आणि अर्धा किलो शेंगदाणे. मी हसलो. तर म्हणाली, "हसतोस काय? चाळीस वर्षं किराण्याच्या घरात काढली, पण दुकानाच्या पुढच्या बाजूने मी कधी सामान बघितलंय का?" खरंच होतं. आमच्याकडे घरातली बाई दुकानात यायची नाही आणि गावातल्या बायकाही पोराला नाहीतर नवऱ्याला पाठवायच्या. दुकानदार देईल ती डाळ, सांगेल तो भाव. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं, तिथे गिऱ्हाईक पहिल्यांदा टोपली घेऊन आपल्या हाताने वस्तू उचलायला लागलं. आमच्या आईपर्यंत ते पोचायला नव्वदहून जास्त वर्षं लागली. तिथे कोणी तिला 'काय पायजे' असं दरडावून विचारलं नाही, मागची बाकी काढली नाही. वस्तू हातात घेतली, किंमत वाचली, नको वाटली तर ठेवून दिली. वहीवाल्या गिऱ्हाइकाला हे करता येत नाही. ज्याच्या नावावर बाकी आहे तो डाळीत खडे निघाले तरी बोलत नाही. मी स्वतः पुड्या बांधायला बसायचो, त्यामुळे कुठल्या पोत्यातलं कुणाला जायचं हे मला चांगलं ठाऊक आहे.

असो.

पुढचं तुम्हाला अंदाजाने कळेलच. आधी गेले ते पगारदार. शिक्षक, बँकवाले, तलाठी. कुणी अंबाजोगाईला जाऊन महिन्याचं सामान आणायला लागले, कुणाची पोरं पुण्याहून आणायला लागली (माझ्यासारखी). गावातही काचेच्या दाराची दोन 'मार्ट' झाली. नानांकडे उरले ते वहीवाले. तीन वर्षांपूर्वी नानांनी दुकान बंद केलं. मी आठ दिवस रजा घेऊन गेलो होतो. रॅक, काटा, रिकामे डबे विकले आणि शेवटी खतावणी घेऊन बसलो. येणं बाकी निघालं एक लाख बारा हजार आणि काही रुपये.

मी म्हणालो, "नाना, निदान मोठ्या रकमा तरी वसूल करूया. मी बसतो फोन घेऊन."

नाना म्हणाले, "कशाला? ती बाकी भावात धरलेली होती."

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. दरवर्षी थोडी उधारी बुडणार हे आप्पांनाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. म्हणून साखरेवर, तेलावर, चहावर किलोमागे थोडे पैसे जास्त लावलेले असायचे. रोख देणारा ते भरायचा, त्याला ते जाणवायचंही नाही.

"म्हणजे जोशी मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांची बुडीत उधारी भरली?"

"थोडी थोडी. मास्तरांनीच कशाला, सगळ्यांनीच."

"त्यांना माहीत होतं?"

"कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

त्या संध्याकाळी मला त्या दिवाळीतल्या पावतीचं गणित सुटलं. डी-मार्टच्या भावात कुणाचीही बुडीत उधारी धरलेली नाही. तिथे प्रत्येक जण फक्त स्वतःच्या सामानाचे पैसे देतो. त्यात अन्याय काहीच नाही, उलट छापील किमतीपेक्षा किती वाचले ते पावतीवर स्वच्छ लिहून मिळतं. आणि न विचारता मास्तरांच्या खिशातून पैसे काढणारं आमचं दुकान फार न्यायाचं होतं असंही मी म्हणणार नाही. पण दुष्काळात पन्नास घरं ज्या पैशावर चालली, तो पैसा रोखवाल्यांचा होता. रोखवाले निघून गेले तेव्हा नानांना फक्त गिऱ्हाइकाचा तोटा झाला नाही, त्या पन्नास घरांची पतही गेली. आणि निघून जाणाऱ्यांत पहिल्या नंबरावर दुकानदाराचाच मुलगा होता, डिकीत तेलाचे कॅन घेऊन.

आता ती घरं कुणाच्या वहीवर आहेत? मुकादमाची उचल आहेच. बचत गट आहेत. आणि फायनान्सवाल्यांचा आठवड्याचा हप्ता आहे. त्या हप्त्याला पावसाचं पंचांग कळत नाही.

मी अजूनही दर महिन्याला डी-मार्टात जातो. खोटं कशाला सांगू, पर्याय असूनही जातो, कारण स्वस्त पडतं आणि माल चांगला असतो. नाना आता आमच्याकडेच असतात. कधी कधी सोबत येतात, ट्रॉली स्वतः ढकलतात. घरी आलं की चष्मा लावून पावती वाचतात. ती जुनी खतावणी त्यांनी धारूरहून आणली आहे, पण ती कपाटात वर ठेवलीय. मी एकदा विचारलं की आता हिचं काय करायचं. म्हणाले, "राहू दे. कुणी द्यायला आला तर नाव बघावं लागेल."