उत्पादन थांबलेल्या ट्रॅक्टरचे सुटे भाग कसे मिळवावेत?

कळवण तालुक्यात उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत उरकावी लागते. ऐन लागवडीत ट्रॅक्टर उभा राहिला, तर रोप वाफ्यातच वाढत राहते आणि आलेले मजूर माघारी जातात. त्यातच 'हे मॉडेल आता येत नाही' असे उत्तर दुकानातून मिळाले, की मालक हताश होतो. नोकरीनिमित्त शहरात राहणाऱ्या अनेक कुटुंबांचा असा जुना ट्रॅक्टर आजही गावी आहे. केवळ सुटा भाग मिळत नाही म्हणून तो भंगारात देण्यापूर्वी पुढील माहिती उपयोगी पडावी.

कंपनी कोणाकडे गेली?

मॉडेल बंद होते, तरी कंपनीचा वारस बहुधा असतो. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे भारतातील पहिला ट्रॅक्टर तयार करणाऱ्या आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेने घेतला. इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरचा वारसा महिंद्रकडे आहे. बडोद्याच्या हिंदुस्तान ट्रॅक्टरची परंपरा पुढे चालविणारी गुजरात ट्रॅक्टर ही कंपनीही १९९९ मध्ये महिंद्रच्या ताब्यात आली. फोर्ड ट्रॅक्टर भारतात एस्कॉर्ट्सने तयार केले. ती कंपनी आता एस्कॉर्ट्स कुबोटा या नावाने ओळखली जाते. अडचण आहे ती एचएमटीच्या मालकांची. झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने १९७१ मध्ये पिंजोर येथे सुरू झालेला हा सरकारी विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला.

भागांचे तीन प्रकार

पहिला प्रकार प्रमाणित भागांचा. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे, बॅटरी, टायर हे कोणत्याही एका ट्रॅक्टर कंपनीचे नसतात. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक पुरेसा असतो. उदाहरणार्थ, ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२ व जाडी १५ मिलिमीटर. ऑइल सीलवरही बहुधा हीच तीन मापे असतात.

दुसरा प्रकार पुरवठादार कंपन्यांच्या भागांचा. डिझेल पंप, नोझल, पिस्टन-लायनर, क्लचप्लेट व फिल्टर यांवर बनविणाऱ्याचा स्वतंत्र क्रमांक असतो. या बाबतीत नाशिक जिल्हा सुदैवी आहे. १९५१ मध्ये बंगळुरू येथे स्थापन झालेली मायको २००८ पासून बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते आणि तिच्या सातपूर येथील कारखान्यात इंजेक्टर व नोझल तयार होतात. पंपावरील पट्टीचा क्रमांक दाखविल्यास ट्रॅक्टरचे नाव सांगण्याचीही गरज बहुधा भासत नाही.

तिसरा प्रकार खास त्या मॉडेलच्या भागांचा. गिअर, क्राउन-पिनियन, हायड्रॉलिक लिफ्टचे भाग व क्रँकशाफ्ट यांत मोडतात. खरी टंचाई यांचीच असते. क्रँकशाफ्ट झिजला तरी लगेच बदलावा लागत नाही. तो घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर कमी मापाच्या बेअरिंगवर चालविता येतो. इतर भागांसाठी मोडीत निघालेला त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर किंवा चांगला लेथ कारागीर हाच आधार असतो. मात्र स्टिअरिंग व ब्रेकचे तुटलेले भाग वेल्डिंग करून वापरू नयेत. तेथे जिवाशी गाठ असते.

खरेदी करताना

इंजिन व चेसिस क्रमांक, उत्पादनाचे वर्ष आणि जुना भाग, या तीन गोष्टी सोबत न्याव्यात. एकाच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये दोन-चार वर्षांत भाग बदललेले असू शकतात. वेष्टन पाहून भुलू नये. भागावर कोरलेला क्रमांक तपासावा व पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे बिल टाळून होणारी बचतही आता फारशी उरलेली नाही.

दुरुस्तीचा हक्क

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टलही सुरू झाले. निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. परंतु असे हक्क चालू कंपनीकडेच मागता येतात. जिचे उत्पादनच थांबले, तिच्या ट्रॅक्टरच्या मालकाला स्वतःची तयारी ठेवावी लागते.

म्हणूनच मूळ पार्ट्स बुक जपावे, त्याची छायाप्रत मिस्त्रीकडेही द्यावी. ओळखीत त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर कोणाकडे आहे, याची नोंद ठेवावी. पहिल्या दोन प्रकारांतील भाग गरज पडेल तेव्हा मिळतात. तिसऱ्या प्रकारातील भाग मात्र दिसेल तेव्हा, हंगामाची वाट न पाहता, घेऊन ठेवणेच शहाणपणाचे ठरते.