धूर कोणाच्या नावे?

इमारत उभी राहत असते तेव्हा तिथे धूर फारसा दिसत नाही. वाळू, सिमेंट, सळ्या येतात, स्लॅब पडतो. धूर आधीच होऊन गेलेला असतो: चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्टीत, पोलादाच्या कारखान्यात, वीटभट्टीवर, औष्णिक वीजकेंद्रात. हा विखुरलेला धूर गोळा करून इमारतीच्या नावे मांडायची एक रीत आहे. तिचा जन्म मात्र धुरासाठी झालाच नव्हता.

रशियात वाढलेल्या आणि हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या वासिली लेओन्तिएफ यांनी 1936 मध्ये अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेचा एक तक्ता प्रसिद्ध केला. प्रत्येक उद्योगाला एक आडवी ओळ आणि एक उभा रकाना. ओळीत त्याने कोणाला किती विकलं ते, रकान्यात कोणाकडून किती घेतलं ते. व्यापाऱ्याच्या खतावणीसारखंच, पण अख्ख्या देशाचं.

खरी मेख पुढे होती. पोलादाला कोळसा लागतो, कोळसा काढायला पोलादाची यंत्रं लागतात, त्या यंत्रांसाठी पुन्हा कोळसा. एकेक फेरा मोजत बसलं तर हिशेब संपतच नाही. लेओन्तिएफ यांनी सगळ्या उद्योगांची समीकरणं एकत्र सोडवली आणि सगळे फेरे एकदम पदरात पाडले. मला या कथेतली सर्वांत मोठी झेप हीच वाटते. 1949 मध्ये 500 उद्योगांची मोट बांधून ते 42 वर आणावे लागले, कारण मार्क-2 या संगणकाला त्याहून जास्त झेपत नव्हतं. तेवढ्यालाही 56 तास लागले.

1970 मध्ये त्यांनीच तक्त्याला प्रदूषणाची ओळ जोडली. आता शेवटच्या गिऱ्हाइकाने घेतलेल्या मालामागे उगमापर्यंतचा धूर शोधता येऊ लागला. तीन वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं.

आपल्याकडे गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतून ज्योती पारीख आणि सुबीर गोकर्ण यांनी 1993 मध्ये भारताचा असा हिशेब मांडला. त्यात बांधकामाचा वाटा ठळकपणे पुढे आला. चिमण्या मोजणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

मग हिशेब सीमा ओलांडून गेला. स्टीव्हन डेव्हिस आणि केन कॅल्डेरा यांनी 2010 मध्ये दाखवलं, की 2004 सालच्या जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 23 टक्के एका देशात तयार होऊन दुसऱ्या देशात वापरल्या गेलेल्या मालामागचा होता. त्यात चीनची निर्यात सर्वांत मोठी.

पण प्रदूषणाची ती ओळ कशी भरली, यावर सगळं अवलंबून असतं. सिमेंटचंच घ्या. भट्टीत चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो जळणाच्या धुरापेक्षा जास्त भरतो. ओळीत फक्त कोळसा आणि तेल मोजलं, तर सिमेंटचा अर्ध्याहून अधिक कार्बन कोणाच्याच नावे लागत नाही.