सही करणारं यंत्र

८ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा आपल्या संसदेत बोलला आणि बोलता बोलता बाबासाहेबांचं नाव घेऊन गेला. एक दलित माणूस स्वतःला वर उचलतो आणि देशाची घटना लिहितो, असा त्याच्या बोलण्याचा आशय. झालं. आमच्या वस्तीत पेपरातला त्याचा फोटो कापून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली डकवला गेला. मी तेव्हा शाळकरी पोर. का डकवला ते मला कळत होतं. ज्या वर्णाची माणसं त्या देशात गुरांसारखी बाजारात विकली, त्या वर्णाचा माणूस व्हाइट हाऊसमध्ये बसला होता. गुलामांच्या घामावर उभ्या राहिलेल्या घरात.

('स्वतःला वर उचलून' हे मात्र मला पुढं भाषण वाचताना खटकलं. १९२७ ला महाडच्या तळ्यावर हजारो माणसं मिळून गेली होती. पण ते असो.)

मित्रहो, तो आनंद खोटा नव्हता. म्हणून तर हिशेब मांडायचा.

माणूस साधा नव्हे. शिकागो विद्यापीठात बारा वर्षं घटनेचा कायदा शिकवलेला. २ ऑक्टोबर २००२ ला, इराकवर चढाईची तयारी चालू असताना, शिकागोच्या सभेत हे युद्ध मूर्खपणाचं आहे असं तोंडावर बोललेला. बुशच्या राज्यात चोरून फोन ऐकणं, माणसं धरून छळणं, क्युबाच्या किनाऱ्यावरच्या ग्वांतानामो तळावर खटल्यावाचून कोंडणं चाललं होतं. हे बदलतो म्हणून लोकांनी त्याला निवडून दिलं. खरं तर खूण आधीच दिसली होती. सरकारला चोरून फोन ऐकू देणाऱ्या टेलिफोन कंपन्यांना माफी देणाऱ्या विधेयकाला आडवा पडेन, असं त्याच्या वतीनं सांगितलं गेलं होतं. ९ जुलै २००८ ला सिनेटमध्ये त्याच विधेयकाच्या बाजूनं त्यानं मत टाकलं. तोवर उमेदवारी खिशात आली होती.

खुर्चीवर बसून दोन दिवस झाले, २२ जानेवारी २००९ ला दोन हुकूम निघाले. एक, कैद्यांचा छळ बंद. दोन, ग्वांतानामो वर्षाच्या आत बंद. पहिल्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे; छळ करणाऱ्यांवर खटले मात्र भरले नाहीत. आणि दुसऱ्याच दिवशी, २३ जानेवारीला, पाकिस्तानातल्या वझिरिस्तानात त्याच्या राज्यातले पहिले ड्रोन हल्ले झाले. त्यात घरातली साधी माणसं मेली.

ग्वांतानामोची मुदत जानेवारी २०१० ला संपली. आपल्या संसदेत तो टाळ्या घेत होता तेव्हा त्यावर साडेनऊ महिने उलटले होते. त्याचे भक्त सांगतात, काँग्रेसनं अडवलं. अडवलं हे खरंच. पण २१ मे २००९ चं त्याचं स्वतःचं भाषण काढून बघा. काही कैद्यांवर खटला चालवता येत नाही आणि सोडताही येत नाही, त्यांना ठेवावंच लागेल, असं तो म्हणतो. बेत काय होता, तर इलिनॉय राज्यातल्या थॉमसनच्या तुरुंगात माणसं हलवायची. पत्ता नवा, कुलूप तेच. अफगाणिस्तानात बगराम तळावरच्या कैद्यांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असं त्याच्याच सरकारच्या वकिलांनी मांडलं, आणि मे २०१० मध्ये अपिलाच्या कोर्टानं ते मान्य केलं. तिथं कुठल्या काँग्रेसनं हात धरला होता?

युद्धाचं तर विचारूच नका. १ डिसेंबर २००९ ला अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैन्य धाडायची घोषणा. १० डिसेंबरला ओस्लोत शांततेचं नोबेल. त्या भाषणात डॉ. किंग आणि गांधींची नावं घेऊन सांगितलं की, मला फक्त त्यांच्या वाटेनं जाता येत नाही. २०११ साली लिबियावर बॉम्बफेक. काँग्रेसला न विचारता ६० दिवसांपलीकडं लढाई नेता येत नाही असा १९७३ चा कायदा आहे. सरकारचे वकील म्हणाले, ही लढाईच नव्हे! इराकमधून डिसेंबर २०११ ला सैन्य काढलं, २०१४ ला पुन्हा बॉम्ब पडायला लागले. दोन्ही मुदती पूर्ण युद्धात काढणारा तो अमेरिकेचा पहिला अध्यक्ष.

मेलेल्यांची मोजणी कशी? रणभूमीबाहेरच्या ४७३ हल्ल्यांत ६४ ते ११६ निरपराध मेले, असा सरकारी आकडा जुलै २०१६ मध्ये आला. बाहेरून मोजणारे कितीतरी जास्त सांगतात. हल्ल्याच्या टापूतले वयात आलेले पुरुष लढवय्येच धरायचे, ही पद्धत न्यूयॉर्क टाइम्सनं २०१२ मध्ये उघडी केली. १८७१ च्या कायद्यानं आपल्या भटक्यांच्या कपाळावर जन्मतःच 'गुन्हेगार' लिहिलं होतं. ही मोजणी त्यांच्या नातवंडांनी लगेच ओळखावी.

आता घटनेकडं येतो, कारण नाव घटनाकाराचं घेतलं होतं. अमेरिकेच्या घटनेत 'ड्यू प्रोसेस' हा शब्द आहे. जीव किंवा मोकळीक हिरावायची तर न्यायाची रीत पाळली पाहिजे. आपल्याकडं हा शब्द बाबासाहेब अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीतच गळला. लपवायचं कारण नाही. घटना समितीत त्यावर ओरड झाली, तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ ला भरपाई म्हणून बाबासाहेबांनीच नवं कलम आणलं. अटकेचं कारण सांगा, वकील द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. आजचं कलम २२. त्यात प्रतिबंधक स्थानबद्धताही राहिली, तिला मुदतीचं कुंपण घालून. म्हणजे कुंपण किती तोकडं आहे हे घालणाऱ्याला माहीत होतं.

आणि ज्या देशाचा तो शब्द, तिथं काय झालं? ३० सप्टेंबर २०११ ला येमेनमध्ये अन्वर अल-अवलाकी हा अमेरिकी नागरिक ड्रोननं मारला. तो काही साधू नव्हता, अल-कायदाचा प्रचारक होता. पण अमेरिकेच्या कुठल्याही कोर्टात त्याच्यावर आरोपपत्र नव्हतं. १४ ऑक्टोबरला त्याचा डेन्व्हरला जन्मलेला १६ वर्षांचा मुलगाही दुसऱ्या हल्ल्यात मेला. त्याच्यावर नेम नव्हता म्हणे. ५ मार्च २०१२ ला ओबामाचा कायदेमंत्री एरिक होल्डर विद्यार्थ्यांपुढं म्हणाला, ड्यू प्रोसेस निराळी आणि कोर्टाची प्रक्रिया निराळी. घटना हमी देते ती पहिलीची. बंद खोलीत साहेबांनी विचार केला की रीत पाळली गेली. पाटलाच्या वाड्यावर असाच न्याय व्हायचा.

२६ मे २०११ ची रात्र मला सगळ्यात बोलकी वाटते. पॅट्रियट कायद्यातल्या पाळतीच्या तीन कलमांची मुदत मध्यरात्री संपत होती. ओबामा फ्रान्समध्ये दोव्हिलला, जी-८ च्या बैठकीला. वॉशिंग्टनमध्ये ऑटोपेन नावाचं यंत्र आहे, ते अध्यक्षाची सही हुबेहूब काढतं. काँग्रेसनं आणखी चार वर्षं मंजूर केली आणि बाराच्या आत यंत्रानं सही ठोकली. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. जॉबर बदलला म्हणून चात्या फिरायच्या थांबत नाहीत हे मला कुणी शिकवायला नको. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला खटल्यावाचून लष्करी कैदेची तरतूद असलेल्या कायद्यावर सही झाली. सोबत टिपण जोडलं की, मी हे अमेरिकी नागरिकांवर वापरणार नाही. अरे, पण तुझ्यानंतरचा? आपल्याकडं डिसेंबर २००८ मध्ये यूएपीए कडक केला, आरोपपत्रावाचून १८० दिवस कोठडी. करणारं सरकार २०१४ ला गेलं. कायदा राहिला.

पाळत कुणावर बसते हे ओबामाला कुणी सांगायला नको होतं. आपल्या दलित पँथरनं १९७२ ला जिचं नाव घेतलं, त्या ब्लॅक पँथर पार्टीच्या मागं एफबीआय हात धुऊन लागली होती. ४ डिसेंबर १९६९ ला पहाटे फ्रेड हॅम्प्टनला पोलिसांनी बिछान्यातच गोळ्या घातल्या. वय २१. गाव शिकागो, ओबामाचंच.

आणि ओकलंड, जिथं १९६६ ला पँथर जन्मली. तिथल्या तेव्हाच्या खासदार बार्बरा ली. तरुणपणी पँथरच्या कामात होत्या. १४ सप्टेंबर २००१ ला अध्यक्षाला युद्धाची मोकळीक देणारा ठराव आला तेव्हा प्रतिनिधिगृहात बाजूनं ४२० आणि विरोधात १. तो १ म्हणजे या बाई. ओबामानं पुढं जगभर ड्रोन फिरवले ते मुख्यतः याच ठरावाच्या आधारावर. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांचा फोटो आमच्या वस्तीत कुणी डकवला नाही.

'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' हे तिथंही चाललं. कॉर्नेल वेस्ट यांनी २००८ ला त्याचा प्रचार केला, पुढं उघड जाब विचारला, तर आपल्याच लोकांच्या शिव्या खाल्ल्या. १९६४ आणि १९६५ चे नागरी हक्कांचे कायदे लिंडन जॉन्सनच्या सहीचे. तरी ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये डॉ. किंग व्हिएतनामवरून त्याच्याविरुद्ध उभे राहिले. काळ्यांच्या मोठ्या संघटनांनीही त्यांना झापलं. त्याच किंगांचा अर्धपुतळा ओबामानं आपल्या कचेरीत ठेवला होता. राजकारणात भक्ती शिरली की शेवट हुकूमशाहीत, हे बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला सांगून गेले. ते आपण दरसाल वाचतो, पण वाचताना डोळ्यांपुढं नेहमी दुसऱ्यांचेच पुढारी येतात. आपल्यातला कुणी मंत्री झाला की पहिला हार घालतो, पण त्यानं कुठल्या कायद्याला हात वर केला ते किती जण बघतो?

२० जानेवारी २०१७ ला ओबामा गेला. आला तेव्हा ग्वांतानामोत २४२ कैदी होते, जाताना ४१. तळ, ठराव, ड्रोन, पाळतीची यंत्रणा, सगळं चालू स्थितीत ट्रम्पच्या हातात. ३० जानेवारी २०१८ ला ट्रम्पनं तुरुंग उघडाच ठेवायचा हुकूम काढला. जानेवारी २०२५ मध्ये त्यात १५ जण उरले होते. त्याच महिन्याच्या २९ तारखेला, पुन्हा निवडून आलेल्या ट्रम्पनं त्या तळावर ३०,००० स्थलांतरितांची जागा करायला सांगितली. ४ फेब्रुवारीला पहिलं विमान तिथं उतरलं.