आंतरविद्याशाखीय कोर्स म्हणजे नेमकं काय? कॉम्प्युटर, इंटरनेट आणि इतर विषय एकत्र कसे शिकवायचे?

बीएस्सी विथ डेटा सायन्स, बीए विथ एआय, बीकॉम विथ ॲनालिटिक्स. कॉलेजप्रवेशाच्या दिवसांत मोबाइलवर अशा जाहिरातींचा पाऊस पडतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्दही घराघरांत पोहोचले आहेत. पण मूळ विषयाला कॉम्प्युटरचा एखादा पेपर जोडला, की तो कोर्स आंतरविद्याशाखीय होतो का?

याचं उत्तर शोधायचं तर असे कोर्स कसे आखले जातात ते पाहावं लागेल. त्यासाठी मुंबईतल्या प्लेगचं एक जुनं उदाहरण फार उपयोगी पडतं.

आधी शब्द समजून घेऊ

कॉम्प्युटर सायन्स आणि कॉम्प्युटेशनल सायन्स हे दोन वेगळे विषय आहेत. कॉम्प्युटर सायन्समध्ये कॉम्प्युटर, प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांचाच अभ्यास होतो. कॉम्प्युटेशनल सायन्समध्ये कॉम्प्युटर हे साधन असतं आणि प्रश्न दुसऱ्या विषयातला असतो. मान्सूनचा अंदाज, प्रथिनांची रचना, पुलावर येणारा ताण, साथीचा प्रसार असे हे प्रश्न. ते प्रयोगशाळेत बसवता येत नाहीत किंवा हाताने सोडवता येत नाहीत, म्हणून त्यांचं गणिती मॉडेल बनवून ते कॉम्प्युटरवर चालवतात.

हे काम किती महत्त्वाचं आहे, ते नोबेल पुरस्कारांच्या यादीतही दिसतं. रेणूंची कॉम्प्युटर मॉडेल्स बनवणाऱ्या तिघांना २०१३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हवामानाच्या मॉडेलसाठी स्युकुरो मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुसरी जोडी बहुविद्याशाखीय आणि आंतरविद्याशाखीय या शब्दांची. विद्यार्थी जीवशास्त्राचा एक पेपर देतो, पायथन प्रोग्रॅमिंगचा दुसरा देतो आणि दोन्ही शिक्षकांचा एकमेकांशी संबंध येत नाही, तेव्हा तो कोर्स बहुविद्याशाखीय. दोन्ही विषयांशिवाय सुटणारच नाही असा प्रश्न मध्यभागी ठेवून शिकवलं, तर तो आंतरविद्याशाखीय.

विज्ञान आणि इंटरनेट यांचं नातं जुनं आहे

इंटरनेट वाढण्यामागे संशोधकांची एक साधी गरज होती. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९८० च्या दशकात काही विद्यापीठांना सुपरकॉम्प्युटर केंद्रांसाठी पैसे दिले. दूरच्या संशोधकांनाही ही यंत्रं वापरता यावीत म्हणून १९८६ मध्ये एनएसएफनेट हे जाळं सुरू झालं. पुढे तेच अमेरिकेतल्या इंटरनेटचा कणा बनलं.

वेबचा जन्म १९८९ मध्ये सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाला. तिथल्या हजारो संशोधकांची माहिती वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर विखुरलेली होती आणि ती जोडायची कशी, हा प्रश्न टिम बर्नर्स-ली यांच्यासमोर होता. त्यांची स्वतःची पदवी भौतिकशास्त्रातली. वेबला सामान्य माणसापर्यंत नेणारा मोझॅक ब्राउझर १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एका सुपरकॉम्प्युटर केंद्रात तयार झाला.

म्हणजे प्रत्यक्षात हे विषय एकमेकांच्या मदतीनेच वाढले. ते वेगळे झाले विद्यापीठांच्या विभागांमध्ये.

मुंबईचा प्लेग आणि एक प्रसिद्ध आलेख

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग शिरला आणि पुढे अनेक वर्षं दर हंगामात परत येत राहिला. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं दगावली, याचे आकडे नोंदवलेले होते.

१९२७ मध्ये विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथीचं गणित मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कर्मॅक जीवरसायनशास्त्रज्ञ होते, तर मॅकेंड्रिक भारतात अनेक वर्षं नोकरी केलेले डॉक्टर. दोघंही एडिनबरामध्ये काम करत होते.

आज एसआयआर नावाने ओळखलं जाणारं मॉडेल याच निबंधातून आलं. त्यात लोकांचे तीन गट करतात: लागण होऊ शकते असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. रोज पहिल्या गटातले काही जण दुसऱ्यात जातात आणि दुसऱ्यातले काही तिसऱ्यात. पहिला गट पुरेसा लहान झाला, की साथ ओसरते.

दोघांनी हे गणित मुंबईच्या आकड्यांना लावून पाहिलं. त्यांच्या सूत्रानुसार साथीचा कळस १७ व्या आठवड्यात, म्हणजे एप्रिल १९०६ च्या मध्याला येतो आणि तेव्हा आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू होतात. प्रत्यक्ष नोंदींवर ही रेषा छान बसली. तो आलेख साथरोगांच्या गणितावरच्या पुस्तकांमध्ये वर्षानुवर्षं छापला जातो.

रेषा जुळली, पण कारण चुकलं

या मॉडेलमध्ये आजार माणसाकडून माणसाला होतो असं धरलेलं आहे. गाठीचा प्लेग मात्र मुख्यतः उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत पसरतो. पिसवांचा हा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच कराचीत दाखवला होता. उंदीर आणि पिसवांची संख्या ऋतूनुसार कमी-जास्त होते. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही याची कल्पना होती. आपलं गणित ढोबळ आहे हे त्यांनी लिहून ठेवलं होतं.

गणितज्ञ निकोला बाकाएर यांनी २०१२ मध्ये हे प्रकरण पुन्हा तपासलं. १९०६ ची रेषा जुळवण्यासाठी सूत्रात जे आकडे घालावे लागतात, ते वास्तवाला धरून नाहीत असं त्यांना दिसलं. त्या काळच्या अहवालांनुसार मुंबईत १८९७ पासून निदान १९११ पर्यंत प्लेग दरवर्षी ठरावीक हंगामात येत होता. म्हणजे १९०६ ची साथ ओसरली ती ऋतू बदलल्यामुळे. लागण होऊ शकणारी माणसं कमी उरली, हे त्यामागचं कारण नव्हतं.

फक्त कोडिंग शिकलेला विद्यार्थी ही रेषा काढून "मॉडेल बरोबर आहे" म्हणेल. फक्त जीवशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला पिसवा माहीत असतील, पण गणितात चूक कुठे शिरली हे सांगता येणार नाही. चूक पकडायला दोन्ही लागतं. अशा कोर्सची खरी गरज इथे आहे. उद्या याच प्रकारच्या मॉडेलवरून हॉस्पिटलमध्ये किती खाटा ठेवायच्या किंवा धरणातून पाणी कधी सोडायचं, हे ठरणार असतं.

याच गणितात इंटरनेट कुठून आलं?

१९९१ मध्ये आयबीएममधल्या जेफ्री केफार्ट आणि स्टीव्ह व्हाइट यांनी साथीचं गणित कॉम्प्युटर व्हायरसला लावलं. २००१ मध्ये रोमुआल्दो पास्तोर-सातोरास आणि अलेस्सांद्रो वेस्पिन्यानी यांनी एक वेगळी गोष्ट दाखवली. इंटरनेटसारख्या जाळ्यात बहुतेकांचे दुवे थोडे असतात आणि मोजक्यांचे प्रचंड. अशा मोठ्या जाळ्यात संसर्गाचा वेग अगदी कमी असला, तरी तो टिकून राहू शकतो.

अफवांचं गणितही मांडलं गेलं आहे. डॅरिल डेली आणि डेव्हिड केंडल यांनी १९६४ मध्ये केलेल्या मॉडेलमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. आजारी माणूस काही काळाने बरा होतो. अफवा सांगणारा मात्र "हे मला आधीच माहीत आहे" म्हणणारा कुणी भेटला, की सांगणं थांबवतो. त्यामुळे आजाराचं मॉडेल जसंच्या तसं व्हॉट्सॲप फॉरवर्डला लावता येत नाही.

मग कोर्स कसा आखायचा?

यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. त्यात मेजरला किमान ६०, मायनरला २४ आणि बहुविद्याशाखीय विषयांना ९ क्रेडिट आहेत. ९ क्रेडिट म्हणजे प्रत्येकी ३ क्रेडिटचे तीन कोर्स.

थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. म्हणून २ क्रेडिट थिअरी आणि १ क्रेडिट प्रॅक्टिकल असा कोर्स केला, तर एकूण ६० तास मिळतात. एवढ्या वेळात पायथन पूर्ण, संख्याशास्त्र पूर्ण आणि नेटवर्किंग पूर्ण असं काहीच होत नाही. अभ्यासक्रमात या सगळ्यांची नावं लिहिली, तर प्रत्येकाची फक्त तोंडओळख होते.

त्यापेक्षा "एखादी गोष्ट कशी पसरते?" हा एकच प्रश्न घेतला तर? थिअरीचे ३० तास असे वाटता येतील:

- प्लेगचा इतिहास, आजाराचं जीवशास्त्र आणि आकडे कसे गोळा होतात: ६ तास
- एसआयआर मॉडेल आणि त्याची गृहीतकं: ८ तास
- जाळी, इंटरनेट आणि अफवांचा प्रसार: ८ तास
- मॉडेल कुठे फसतं, माहितीची गोपनीयता: ४ तास
- विद्यार्थ्यांची सादरीकरणं: ४ तास

प्रॅक्टिकल दर आठवड्याला दोन तास, असे १५ आठवडे. सुरुवातीला आकडे वाचून आलेख काढणं, मग मॉडेल चालवणं, मग त्यात ऋतू घालून पाहणं आणि शेवटी छोटं जाळं तयार करून त्यावर अफवा सोडणं.

गणित कच्चं असलेल्यांचं काय?

बारावीला गणित नसलेला विद्यार्थी कलन पाहून घाबरतो. पण एसआयआर मॉडेल बेरीज-वजाबाकीतही मांडता येतं: उद्याचे आजारी म्हणजे आजचे आजारी, अधिक आज लागण झालेले, वजा आज बरे झालेले किंवा दगावलेले. हे एक्सेलमध्येही होतं. मग एका दिवसाऐवजी अर्ध्या दिवसाच्या पावलांनी तेच गणित करून पाहायचं. उत्तर बदललं तर का बदललं, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतो आणि कॉम्प्युटेशनल सायन्समधला एक मूलभूत धडा तिथेच सुरू होतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसने २०१५ मध्ये सुरू केलेला डेटा ८ हा कोर्स अशाच विचाराने आखलेला आहे. त्याला प्रोग्रॅमिंगची किंवा संख्याशास्त्राची पूर्वअट नाही. प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र खऱ्या माहितीवर एकत्रच शिकवतात. एक उदाहरण न्यायालयातल्या ज्युरींच्या निवडीत पक्षपात होतो का, याचं आहे.

त्याला जोडून साहित्य, आरोग्य, शहरं, स्थलांतर अशा विषयांचे छोटे 'कनेक्टर' कोर्स ठेवले गेले. त्यामुळे मूळ कोर्स सर्वांना समान राहतो आणि प्रत्येक जण तीच साधनं आपल्या विषयात वापरून पाहतो. विद्यार्थी ब्राउझरमध्ये ज्युपिटर नोटबुक उघडून काम करतात. त्यामुळे लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही. कोर्सचं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत आहे.

अडचण येते कुठे?

पहिली अडचण शिक्षकांची. एकाच कोर्सवर दोन विभागांचे शिक्षक असले, तर तास कुणाच्या खात्यात मोजायचे? हे आधी ठरलं नाही, तर हळूहळू एक शिक्षक बाजूला होतो आणि कोर्स एकाच विषयाचा उरतो. दोघांनी निदान काही तास एकाच वर्गात एकत्र उभं राहणं गरजेचं असतं.

दुसरी अडचण परीक्षेची. "एसआयआर मॉडेल म्हणजे काय ते सांगून चार फायदे लिहा" असा प्रश्न आला, की विद्यार्थी पाठांतर करतात. त्याऐवजी एक जुळणारा आलेख देऊन "हा निष्कर्ष मान्य करायला आणखी कोणती माहिती हवी?" असं विचारता येतं. पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही.

तिसरी अडचण साधनांची. सॉफ्टवेअर बदलत राहतं. कोर्स एखाद्या ॲपच्या नावावर उभा असेल, तर ते ॲप मागे पडल्यावर कोर्सही मागे पडतो.

प्रवेश घेताना काय पाहायचं?

जाहिरातीतलं नाव बाजूला ठेवून अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि या गोष्टी तपासा:

- कोर्स एखाद्या प्रश्नाभोवती आहे, की फक्त सॉफ्टवेअरची यादी आहे?
- प्रॅक्टिकलला किती क्रेडिट आहेत? ते शून्य असतील, तर कॉम्प्युटर फळ्यावरच शिकावा लागेल.
- शिकवायला किती विभागांचे शिक्षक आहेत?
- पूर्वअट कोणती? ती नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांत पाया कसा घालणार?
- प्रकल्पाची माहिती खरी आहे का, आणि ती कुठून येते हे लिहिलं आहे का?
- गुण फक्त लेखी परीक्षेला आहेत, की प्रकल्प आणि सादरीकरणालाही आहेत?

पीडीएफमध्ये यातलं काही सापडलं नाही, तर तो कोर्स आधी करून गेलेल्या विद्यार्थ्याला गाठा आणि त्याने केलेला प्रकल्प दाखवायला सांगा. त्यातले आकडे कुठून आले आणि निष्कर्ष कुठे चुकू शकतो, हे त्याला सांगता आलं, तर कोर्स नावाप्रमाणे शिकवला जातो असं समजायला हरकत नाही.