परमुलखी रुळलेली माणसे

१८८६ सालच्या एप्रिलात, कोकणात आंब्याचा हंगाम भरात येत असताना, ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला राण्या, चिमुकल्या राजकन्या आणि मोजका परिवार यांसह घेऊन सरकारी आगबोट रत्नागिरीच्या किनाऱ्याला लागली. त्यांतली धाकटी राजकन्या तर वाटेतच, मद्रासच्या मुक्कामात, जन्मलेली होती. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज इरावती नदीतून मंडालेपर्यंत चढून गेली, तेव्हा फारसा प्रतिकार न होताच राज्य बुडाले. आणि राजवाड्याच्या तटाबाहेर क्वचितच पडलेला हा सत्ताविशीतला पुरुष समुद्र ओलांडून अशा मुलखात आला की, जेथे त्याची भाषा जाणणारे त्याने बरोबर आणलेल्या माणसांपलीकडे कोणीही नव्हते.

स्थळाची निवड विचारपूर्वक झालेली होती. रत्नागिरीला आगगाडी नव्हती, आणि ती यायला पुढे शतकाहून अधिक काळ लागला. मुंबईशी दळणवळण मुख्यतः आगबोटीने, आणि तेही पावसाळा लागला की बंद. ज्या कैद्याला भिंतीत कोंडावयाचे नाही, पण ज्याच्याभोवती त्याच्या प्रजेची आशा गोळा होऊ द्यावयाची नाही, अशासाठी निसर्गानेच येथे बंदोबस्त करून ठेवला होता. हीच युक्ती इंग्रजांनी एका पिढीपूर्वी उलट दिशेने योजली होती. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी रंगूनला नेऊन ठेवले आणि १८६२ साली तो तेथेच वारला.

थिबा रत्नागिरीत तीस वर्षांहून अधिक काळ राहिला, पण तो तेथे रुळला नाही. याचा दोष पुष्कळ जण त्याच्या आळशी व विलासी स्वभावावर टाकतात. मला ते न्यायाचे वाटत नाही. परक्या मुलखात रुळायला माणसाला हातात काम लागते, चार ओळखी लागतात, आपल्या मर्जीने उंबरठा ओलांडण्याची मोकळीक लागते. आणि सरकारने त्याला तनखा दिला, बंगला दिला, देखरेखीला पोलिस अंमलदार दिला, परंतु काम, ओळखी आणि मोकळीक यांपैकी एकही गोष्ट दिली नाही. लहानसहान बाबींसाठी अर्ज करावयाचा, तो अर्ज देखरेख करणाऱ्या अंमलदाराच्या हातून मुंबई सरकारकडे जावयाचा, आणि हुकमाची वाट पाहत बसावयाचे, हाच त्याचा राज्यकारभार होऊन बसला. तनखा राजेशाही इतमामाला पुरेना, म्हणून बरोबर आणलेली माणके आणि जवाहीर एकेक करून बाहेर पडू लागले. गावातील व्यापाऱ्यांनी ते पडत्या भावाने घेतले, आणि तरीही सावकारांचे देणे वाढतच गेले. मंडालेहून निघतानाच्या गोंधळात इंग्रज अंमलदार कर्नल स्लेडन याच्या हाती सोपविलेले एक प्रख्यात माणिक त्याला परत मिळाले नाही, आणि त्याबद्दलची त्याची दाद कोणी मनावर घेतली नाही. उलट, गाव मात्र राजाशी जुळवून घेत गेले. ब्रह्मी नोकर पांगले तसतशी त्यांची जागा येथील माणसांनी भरून काढली, आणि राजवाड्याची चाकरी हा रत्नागिरीतील अनेक घरांच्या चुलीचा आधार झाला.

आज भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभा असलेला तो तिमजली, उतरत्या कौलारू छपरांचा, लाकडी कमानदार खिडक्यांचा राजवाडा पाहून प्रवाशाला वाटते की, राजाचे सारे आयुष्य येथेच गेले असावे. वस्तुतः वास्तू पूर्ण होऊन थिबा तेथे राहावयास गेला तो १९१० च्या नोव्हेंबरात, म्हणजे येथे येऊन चोवीस वर्षे लोटल्यावर. आणि १९१६ च्या डिसेंबरात तो निवर्तला. जांभ्या दगडाच्या, ब्रह्मदेशी सागवानाच्या त्या प्रशस्त घरात त्याच्या वाट्याला उणीपुरी सहा वर्षे आली. थिबा या घरात राहावयास गेला त्याच १९१० च्या हिवाळ्यात, खुद्द मंडालेच्या तुरुंगात, रत्नागिरीत जन्मलेले एक गृहस्थ लाकडी खोलीत बसून पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ पर्यंत तेथे होते. तेथील हवा त्यांना मानवली नाही, मधुमेहाने शरीर खंगले, तुरुंगात असतानाच पत्नी गेल्याची वार्ता आली. तरीही पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांच्या अभ्यासात त्यांनी मन रमविले. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा पुत्र मंडालेत, हा योगायोग आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, टिळकांचा व्यवसाय त्यांच्या डोक्यात होता म्हणून तो तुरुंगातही बरोबर गेला, आणि थिबाचा व्यवसाय सिंहासनाशी बांधलेला असल्यामुळे तो मंडालेतच राहिला.

राजघराण्यात कोणी खऱ्या अर्थाने रुळले असेल, तर ती थोरली राजकन्या फया. लहानपणीच येथे आलेल्या या मुलींच्या तोंडी मराठी सहज बसली. परंतु त्यांना शोभेल असा वर या किनाऱ्यावर मिळणार कोठून? राजवाड्यातील चाकर गोपाळ सावंत याच्यावर फयाचे मन बसले आणि १९०६ साली तिला मुलगी झाली, तिचे नाव तुतू. सावंत विवाहित होता. सरकारी कागदांत आणि राजघराण्याच्या मानापमानात ही अनर्थाची गोष्ट ठरली. आणि वयात आलेल्या राजकन्यांना वर्षानुवर्षे अविवाहित ठेवणाऱ्या व्यवस्थेला मात्र कोणी नावे ठेवली नाहीत, याचे मला अतिशय वाईट वाटते. १९१९ साली राणी सुपयालत व मुली यांना ब्रह्मदेशात परतण्याची परवानगी मिळाली. राजाची समाधी येथेच राहिली. फया गेली, परंतु लवकरच मुलीसह रत्नागिरीला परत आली. राजघराण्यातून स्वतःच्या इच्छेने या गावी आलेली ती एकटीच. पुढची वर्षे तिने विपन्नावस्थेत काढली आणि १९४७ साली ती येथेच वारली.

तुतूचे आयुष्य सर्वस्वी या मातीचे झाले. तिने येथल्याच मराठी माणसाशी संसार केला, कष्टात मुले वाढविली आणि २००० सालापर्यंत ती जगली; ब्रह्मी भाषा तिच्या घरात उरली नाही. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनाला रत्नागिरीत आले. त्यानंतर चार वर्षांनी, राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, ब्रह्मदेशातून आलेल्या वंशजांनी तेथे धार्मिक विधी केले. त्यांच्याच रक्ताची रत्नागिरीकर भावंडे त्या देशाला परकी आणि या गावाला शेजारची झालेली आहेत.